डाव्या हाताची चांदणी

आमच्या आईला सगळी गल्ली चांदणीबाई म्हणते. पाठीमागे म्हणते; तोंडावर म्हणायची कुणाची छाती नाही. नाव ऐकून वाटेल, बाई मोठी नाजूक असणार. तसं काही नाही. आई म्हणजे कडक खळ दिलेली कॉलर. स्वतः वाकायची नाही आणि दुसऱ्याच्या मानेला टोचत राहायची.

ही उपमा मला शोधावी लागली नाही, कारण आईने उभा जन्म खळ देण्यातच घालवला. गल्लीच्या टोकाला लाँड्री आहे. तिच्या मागच्या खोलीत खळीच्या टाकीपाशी आई उभी असायची. वाफेने चष्मा ढगाळायचा, हात कोपरापर्यंत पांढरे व्हायचे आणि घरी आली की तिच्या अंगाला ओल्या इस्त्रीचा वास यायचा. मधल्या सुट्टीत बाकीच्या बायका भिंतीला टेकून डोळे मिटायच्या, तेव्हा आईच्या पिशवीतून क्रोशाची सुई निघायची.

लाँड्रीच्या काचेमागे दर नाताळाला एक झाड उभं राहतं. झाड आणायचं काम मालकांचं, सजवायचा हक्क आईचा. पांढऱ्या दोऱ्याच्या घंटा, बर्फाची फुलं, बोटभर मोजे, पंखवाले देवदूत, सगळं तिच्या हातचं. सगळं विणून झालं की खळीत बुडवायचं, पुठ्ठ्यावर टाचण्यांनी ताणून बसवायचं आणि वाळलं की ताठ. आई नोकरीतून निवृत्त झाली, पण या हक्कातून नाही. तिचा एकच नियम होता. घंटा, मोजे गेल्या वर्षीचे चालतील, शेंड्यावरची चांदणी मात्र दर वर्षी नवी हवी. नाताळाच्या आदल्या आठवड्यात गल्लीतली माणसं भाजीची पिशवी हातात घेऊन काचेपुढे थांबतात आणि यंदाची चांदणी कशी आहे ते बघून पुढे जातात.

आईची आणखी एक खोड सांगायला हवी. टाका बघून तिला हात ओळखता येतो. एकदा शेजारच्या काकूंनी "मीच विणलाय" म्हणून टेबलावरचा रुमाल मोठ्या कौतुकाने दाखवला. आईने तो उलटसुलट केला आणि म्हणाली, "छान आहे हो. दोघींनी मिळून केलात वाटतं? या कोपऱ्यात हात बदललाय." काकूंनी त्यानंतर किती तरी दिवस आमच्याकडे साखरसुद्धा मागितली नाही. टाक्याच्या बाबतीत आईने कधी कुणाची भीड ठेवली नाही. मी शाळेत असताना जीव तोडून एक घंटा विणली होती, तर तिने विचारलं, "हा मोजा कुणाचा?" तेव्हापासून मी सुईला हात लावलेला नाही आणि आईने तो लावायचा आग्रहही केलेला नाही.

मग दादाचं लग्न झालं आणि वहिनी आली. वहिनी औषधांच्या दुकानात काउंटरवर काम करते. शांत, हसरी आणि डावखुरी. तिला क्रोशाची आवड आहे हे कळल्यावर आई खूश झाली. तिला शेजारी बसवून शिकवायला लागली आणि चार दिवसांत हात टेकून मोकळी झाली. "हिचा हात उलटा," आईने जाहीर केलं. "मी इकडून जाते तर ही तिकडून येते. आमची गाठ पडायची कशी?"

दुसऱ्या दिवसापासून वहिनीने आपली खुर्ची आईच्या अगदी समोर ओढली आणि मांडीवर भाजी निवडायला घेतली. समोर बसलं की आरशात बघितल्यासारखं होतं. आईचा उजवा हात जिकडे, तिकडेच हिचा डावा. भाजी निवडता निवडता ती डोळे वर करायची, बघून घ्यायची आणि आपल्या खोलीत जाऊन करून बघायची. अशी ती शिकली. तिने केलेली फुलं मी पाहिली होती, दादाने पाहिली होती. आईला कुणी दाखवली नाहीत आणि आईने कधी विचारलं नाही. खुर्ची मात्र तिथेच राहिली. खिडकीपाशी आई, समोर वहिनी, मधून येण्याजाण्याची वाट. दादा म्हणायचा, "पाणी प्यायला गेलं तरी साक्ष द्यायला चाललोय असं वाटतं."

यंदा थंडी पडायच्या आधीच आईच्या मेंदूला झटका आला. खिडकीपाशी बसून ती चांदणी विणत होती. मधलं कडं झालं होतं, त्याभोवती तीन फेरे झाले होते आणि हातातून सुई पडली. उचलायला वाकली तर हात पुढे जाईना. "माझा हात झोपलाय," असं ती म्हणाली. वहिनी समोरच होती. औषधांच्या दुकानात काम करून तिला जे काही माहीत होतं, त्यामुळे तिने वेळ घालवला नाही. दादाला फोन, टॅक्सी, इस्पितळ, सगळं तिने केलं. मी माझ्या घरून पोचेपर्यंत आईला खाटेवर घेतलेलं होतं.

आई परत आली. पाय चालत होते, बोलणं स्वच्छ होतं. तिच्या जिभेला धक्का लावायची त्या झटक्याचीही हिंमत झाली नसावी. उजव्या हाताची बोटं मात्र ढिली पडली. डॉक्टर म्हणाले, "पेला धरता येईल, दार उघडता येईल. बारीक काम… बघू." आईने त्या 'बघू'चा अर्थ बरोबर लावला. घरी आल्या आल्या तिने सुया, दोरा आणि अर्धी चांदणी बिस्किटांच्या डब्यात टाकली आणि वहिनीला म्हणाली, "वर ठेवून दे."

त्यानंतर ती नुसती बसून राहायची. सांगितलं तर जेवायची, सांगितलं तर फिरायची. रबरी चेंडू दाबायचा व्यायाम दिला होता, तो चेंडू खिडकीत धूळ खात पडला. भाजीत मीठ जास्त झालं तरी ती ब्र काढत नव्हती. दादाने मुद्दाम चुरगळलेला शर्ट घालून तिच्यासमोर दोन फेऱ्या मारल्या, तरी काही नाही. मला हाताची काळजी नव्हती. एका हाताने संसार केलेली माणसं मी पाहिली आहेत. पण आईची सकाळ त्या सुईने सुरू व्हायची. ती सुई परत तिच्या हातात आली नाही, तर आमची आई आमच्या देखत विझून जाईल अशी मला सरळसरळ भीती वाटत होती.

एक दिवस लाँड्रीचे मालक भेटायला आले. फळं ठेवली, इकडचं तिकडचं बोलले आणि टोपी हातात फिरवत म्हणाले, "बाई, यंदा तुम्ही आराम करा. चांदणी बाजारातून आणू का?"

मला वाटलं, आता त्यांची धडगत नाही.

"आणा," आई म्हणाली.

मालकही घाबरले. दारापर्यंत सोडायला गेलेल्या वहिनीला त्यांनी हळूच विचारलं, "बाई बऱ्या आहेत ना?"

त्याच संध्याकाळी वहिनीने डबा खाली काढला. मला हे नंतर कळलं. आई झोपली की ती आपल्या खोलीत बसायची. आईच्या तीन फेऱ्यांपुढे तिने आपले फेरे घातले, शेवटच्या फेऱ्यात एकेक करून आठही टोकं काढली, खळ दिली, पुठ्ठ्यावर टाचली. रविवारी सकाळी मी गेले होते, तेव्हा ती पुठ्ठा पाठीमागे लपवून बाहेर आली आणि तिने चांदणी आईच्या मांडीवर ठेवली.

"आई, तुमची चांदणी. मालकांना सांगते, बाजारातली नको म्हणून."

पांढरीशुभ्र, ताठ, एक टोक इकडचं तिकडे नाही. मला ती आईच्याच हातची वाटली असती. आईने डाव्या हाताने ती उचलून उजेडात धरली. तिची नजर मधल्या कड्यापासून निघाली आणि तीन फेरे ओलांडून थांबली.

"इथपर्यंत मी. पुढे तू."

"हो, आई."

"इथे फेरा वळलाय. टाके दुसरीकडे कलतात."

"माझा हात तिकडूनच जातो ना," वहिनी म्हणाली. ती अजून हसत होती.

आई माझ्याकडे वळली. "वाडगाभर कोमट पाणी आण."

मी आणलं. मला वाटलं, हात धुवायचे असतील. तिने चांदणीच पाण्यात सोडली. खळ सुटत गेली, पाणी दुधट झालं आणि ताठ टोकं मऊ पडून आत वळली. मग तिने चांदणी टॉवेलावर टिपली, शेवटची गाठ दातांनी मोकळी केली आणि दोरा ओढायला लागली.

भराभर ओढला असता तर एक वेळ चाललं असतं. ती हळूहळू ओढत होती. एक टाका सोडवायची, थांबायची, बघायची आणि मग पुढचा. पहिलं टोक गेलं, दुसरं गेलं. वहिनी तिथेच उभी होती. तिसरं टोक उसवायला लागल्यावर ती आत गेली आणि मोरीतला नळ जोरात सुरू झाला.

माझं डोकं फिरलं. "आई, तुला काही वाटतं का? दिवसभर दुकानात उभी राहून, तुझ्यासाठी डोळे फोडून केली तिने."

"हळू बोल," आई म्हणाली. "माझी नजर चुकते."

मी चपला घातल्या आणि चहा न घेता निघाले. रस्ताभर मी आईशी मनातल्या मनात भांडत होते. मनातल्या भांडणात मीच जिंकते, तशी तेव्हाही जिंकले, पण त्याने बरं काही वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी आईचा फोन आला. "ऑफिसातून सुटलीस की थेट इकडे ये. एक काम आहे." आवाजात जुनी धार होती. मी रागावलेली असूनही गेले.

आई उभी होती. भिंतीला टेकून, पण उभी. "ती दुकानातून यायच्या आत माझी खुर्ची हलव."

"कुठे?"

"तिच्या खुर्चीशेजारी. तिच्या डाव्या हाताला."

"आणि कशाला?"

"एवढी वर्षं ती समोर बसून माझा हात बघत आली. तिला वाटतं, मला दिसत नव्हतं. निवडलेली भाजी पुन्हा पुन्हा कोण निवडतं?" आईने डावा हात वर केला. "तिचा हात माझ्यासमोर होता म्हणून तिला जमलं. आता माझाही तोच हात उरलाय. समोर बसून मला काय कळणार? शेजारी बसायला हवं."

"मग काल उसवलीस का?"

"दुसऱ्याचा हात कसा चालतो, ते नुसतं बघून कळत नाही गं. उसवताना कळतं. दोरा गेला त्याच वाटेने परत येतो. सुई कुठून घातली, कुठे ओढून घेतली, सगळं दिसतं."

"हे काल सांगायला काय झालं होतं? ती रात्री जेवली नाही म्हणे."

"तेव्हा मलाच कुठे माहीत होतं जमेल की नाही ते," आई म्हणाली. "आता भाषण पुरे. खुर्ची ओढ."

वहिनी आली ती दारातच थांबली. दोन्ही खुर्च्या खिडकीकडे तोंड करून शेजारी होत्या. एकीवर आई बसली होती, मांडीवर बिस्किटांचा डबा. डब्यात आईचे तीन फेरे शाबूत होते आणि उसवलेल्या दोऱ्याचा नीट गुंडा केलेला होता. आईने डाव्या हातात सुई धरून तिच्यासमोर केली.

"बस. नुसतं तोंडाने सांगू नकोस. माझा हात धरून दाखव."

वहिनीने पर्ससुद्धा खाली ठेवली नाही. "आई, काल मी तुम्हाला न विचारता…"

"काल चांगलं केलं होतंस. एक टाका सैल नव्हता. उसवताना जीव मेटाकुटीला आला माझा."

आईच्या तोंडून टाक्याची स्तुती मी पहिल्यांदा ऐकत होते. वहिनी बसली, तिने आईचा हात हातात घेतला आणि मग तिला रडूच कोसळलं. "रड हवं तेवढं," आई म्हणाली, "पण दोरा ओला करू नकोस."

त्यानंतरचे दिवस काही सोपे नव्हते. बारीक दोरा लगेच जमणार नव्हता, म्हणून वहिनीने जाड लाल लोकर दिली आणि सांगितलं, "आधी फक्त साखळी घाला." आईने घातली. एक टाका मुंगीएवढा, पुढचा अंगठा जाईल एवढा. सुई सुटायची, आई चिडायची, डबा आपटायची आणि परत उचलायची. उजव्या हाताला दोरा ताणून धरता येत नव्हता, म्हणून वहिनीने तो आईच्या मनगटाला दोन वेढे देऊन सोडला. विणकाम हलू नये म्हणून आईने स्वतःच तोड काढली. मांडीवर उशी घेतली आणि लाँड्रीतला कपड्यांचा चिमटा लावून काम त्या उशीला अडकवलं.

"सैल सोडा, आई. घट्ट धरताय."

"आयुष्यात पहिल्यांदा मला कुणी सैल सोड म्हणतंय," आई पुटपुटली. दादा आतून म्हणाला, "मी मनातून नेहमी म्हणायचो." त्या रात्री त्याला भाजीत मीठ कमी असल्याबद्दल बोलणी बसली, भाजी त्याने केलेली नसतानाही. आम्ही सगळे एकमेकांकडे बघून हसलो. आमचा जीव भांड्यात पडला होता.

लाल साखळी वाढत गेली. खुर्चीवरून खाली आली, दारापर्यंत पोचली. हळूहळू तिचे टाके एकमेकांसारखे दिसायला लागले, तशी आईने एक दिवस पांढरा दोरा मागितला. तीन फेऱ्यांच्या पुढे तिने चौथा सुरू केला, डाव्या हाताने, पलीकडच्या दिशेने. मी शेजारी उभी राहून बघत होते आणि राहवलं नाही म्हणून बोलले, "आई, आता तुझाही फेरा वळलाय की."

"वळू दे," ती म्हणाली. "दोन्ही हात माझेच आहेत."

टोकांच्या फेऱ्याला फार वेळ लागला. एक टोक काढून झालं की बोटं थकायची आणि उरलेला दिवस जायचा. पहिलं टोक बसकं झालं, दुसरं लांबलं, पुढची कशीबशी बरी आली. मालकांनी काचेमागे झाड उभं केलं होतं आणि शेंडा रिकामा ठेवला होता. लोक विचारायचे, ते म्हणायचे, "येतेय." सात टोकं झाली आणि आईने सुई बाजूला ठेवली. आम्हाला वाटलं, हात दुखला असेल. तिने चिमटा काढला आणि चांदणी उशीसकट वहिनीच्या मांडीवर सरकवली.

"हे शेवटचं तू कर."

"आई, एकच तर राहिलंय. उद्या कराल तुम्ही."

"मला जमत नाही म्हणून नाही देत," आई म्हणाली. "करतेस का?"

वहिनीने ते टोक आईच्या शेजारी बसून केलं. खोलीत लपून नाही, भाजीच्या आडून नाही. आई शेवटपर्यंत बघत होती. खळ मात्र तिने स्वतः दिली. तिथे तिने कुणाला बोट लावू दिलं नाही.

झाडावर चांदणी चढली त्या संध्याकाळी आम्ही सगळे लाँड्रीपुढे उभे होतो. आतल्या वाफेने काच ओलसर झाली होती, मालकांनी ती बाहीने पुसली. घंटा होत्या, मोजे होते आणि झाडाला चार वेढे घालून आईची ती ओबडधोबड लाल साखळी होती. ती लावायची कल्पना वहिनीची. शेंड्यावर चांदणी होती. एक टोक बसकं, एक लांब, दोनतीन जराशी तिरकी. आणि एक अगदी सरळ, रेखीव. सुई कधी न धरणाऱ्या मलाही ते लांबून ओळखू येत होतं.

शेजारच्या काकू गर्दीत होत्याच. रुमालाची गोष्ट त्या विसरल्या नव्हत्या. त्यांनी चष्मा सावरून वर बघितलं आणि मोठ्याने विचारलं, "काय हो, सुनेनेही हात लावलाय म्हणे? त्यातलं तिचं टोक कुठलं?"

वहिनी खाली बघायला लागली. मी आईकडे बघितलं. आईने काचेजवळ जाऊन मान वर केली आणि चांदणी बराच वेळ न्याहाळली, बसकं टोक, लांब टोक आणि ते सरळ टोक, एकेक करून.

"मला नाही बाई ओळखता येत," ती म्हणाली. "सगळी सारखीच आहेत."

टाक्याच्या बाबतीत आई त्या दिवशी पहिल्यांदा खोटं बोलली. मग तिने उजवा हात पुढे केला आणि वहिनीने तो धरला. घरी पोचेपर्यंत आईने तो सोडला नाही.